कोरिलेटेड डिसऑर्डर असला की एकमितीय साखळीत इलेक्ट्रॉन खरंच मोकळा होतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही १००० साइट्सची टाइट-बाइंडिंग साखळी (इलेक्ट्रॉन फक्त शेजारच्या साइटवर उडी मारतो असं मॉडेल) घेतली, हॉपिंग (त्या उडीची ताकद) १ ठेवलं, साइट एनर्जीचा डिसऑर्डर (साइटगणिक बदलणारा रँडमपणा) ०.५ रुंदीच्या बॉक्सइतका (त्या रुंदीत कुठलीही किंमत सारख्याच शक्यतेने) ठेवला पण शेजारशेजारच्या साइट्समध्ये ०.९ एवढं कोरिलेशन (एकीची किंमत दुसरीशी बांधलेली असणं) घातलं, आणि डायगोनलाइज केल्यावर (संगणकाने सगळ्या एनर्जी आणि स्टेट्स काढल्यावर) बँडच्या (इलेक्ट्रॉनला मिळू शकणाऱ्या एनर्जींच्या पट्ट्याच्या) मधल्या भागातल्या स्टेट्स या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या दिसल्या. पुस्तकात मात्र लिहिलंय की एका मितीत डिसऑर्डर कितीही थोडा असला तरी सगळ्या स्टेट्स लोकलाइज होतात, म्हणजे साखळीच्या एका भागात अडकून राहतात. मग चूक पुस्तकाची की कोडची, आणि कोरिलेशन वाढवलं की लोकलायझेशन नेहमी कमीच होतं का, असं तुम्ही विचारलंय.

पुस्तकही बरोबर आहे आणि बहुतेक तुमचा कोडही. गडबड प्रश्नातच आहे, कारण "कोरिलेशन आहे की नाही" यावर काहीच ठरत नाही. दोन गोष्टींवर ठरतं: तुमच्या पोटेन्शिअलमध्ये (साइट एनर्जींच्या चढउतारात) २के या वेव्ह नंबरचा भाग किती आहे (के म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वेव्हचा वेव्ह नंबर), आणि साखळी लांब केली की लोकलायझेशन लांबी (स्टेट जेवढ्या अंतरात विरत जाते ते) तिच्या मानाने कशी वाढते. मी पंधराएक वर्षं ट्रान्सफर मॅट्रिक्स (वेव्हला एका साइटवरून पुढच्या साइटवर नेणारी मॅट्रिक्स) घेऊन हेच गणित करतोय, आणि या विषयातले बहुतेक वाद दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात असं माझं ठाम मत आहे.

आधी मुळाशी जाऊ. डिसऑर्डरने इलेक्ट्रॉन अडकू शकतो हे सांगणारा अँडरसनचा पेपर १९५८ चा, मॉट आणि ट्वोज यांनी एका मितीत सगळंच लोकलाइज होतं हे १९६१ मध्ये मांडलं, आणि १९७९ च्या स्केलिंग थिअरीने (अँडरसन, अब्राहम्स, लिचियार्डेलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन) त्याला मोठ्या चौकटीत बसवलं. एका मितीत वेव्हला जायला दोनच वाटा, पुढे किंवा मागे. पुढे जाताना फेज थोडी इकडेतिकडे होते, त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते मागे फेकल्या जाण्याने, आणि मागे फेकलं जाणं म्हणजे वेव्ह नंबर के पासून उणे के ला जाणं, म्हणजे बदल २के चा. तो बदल पोटेन्शिअलने पुरवायचा असतो. पोटेन्शिअलमध्ये २के चा भागच नसेल तर पहिल्या पायरीवर बॅकस्कॅटरिंग होतच नाही, मग ते दिसायला कितीही वेडंवाकडं असो.

कमजोर डिसऑर्डरसाठी याचं सूत्र अगदी सुटसुटीत आहे. एनर्जी म्हणजे २ कॉस के असं धरा. लोकलायझेशन लांबीचा व्यस्त (यालाच ल्यापुनोव्ह एक्स्पोनंट म्हणतात) बरोबर साइट एनर्जीचा व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी), भागिले आठ गुणिले साइन के चा वर्ग, आणि या सगळ्याला गुणिले नॉर्मलाइज केलेला पॉवर स्पेक्ट्रम (पोटेन्शिअलमध्ये कुठल्या वेव्ह नंबरचा भाग किती ते सांगणारा), जो २के ला मोजायचा. कोरिलेशन नसेल तर तो स्पेक्ट्रम सगळीकडे १ असतो आणि जुनं ओळखीचं सूत्र परत मिळतं. कुठल्याही कोरिलेशनसाठी हे असं इझ्रायलेव्ह आणि क्रोखिन यांनी १९९९ मध्ये मांडलं आणि त्यानंतर या विषयातलं बोलणं बरंच स्वच्छ झालं. एक सावधगिरी, बँडच्या अगदी मध्यावर हे सूत्र थोडं चुकतं. बॉक्स डिसऑर्डरला ते लांबी ९६ भागिले रुंदीचा वर्ग सांगतं, खरी साधारण १०५ भागिले रुंदीचा वर्ग येते. ही काप्पुस आणि वेग्नर यांची १९८१ सालची विसंगती. म्हणून टेस्ट करताना एनर्जी शून्य घेऊ नका, नाहीतर बग शोधण्यात उगाच दिवस जाईल. बँडच्या कडेला तर सूत्र पूर्णच ढासळतं, तिथे त्याच्यावर विसंबूच नका.

आता तुमचेच आकडे घालू. ०.५ रुंदीच्या बॉक्सचा व्हेरियन्स ०.०२०८. एनर्जी १ घ्या, म्हणजे के बरोबर पाय भागिले ३. कोरिलेशन नसताना लांबी येते २८८ साइट्स, म्हणजे १००० च्या साखळीत स्टेट नीट लोकलाइज दिसणार. आता शेजाऱ्यांमधलं कोरिलेशन ०.९ आणि ते अंतरागणिक त्याच पटीने घटत जाणारं. अशा सिक्वेन्सचा पॉवर स्पेक्ट्रम म्हणजे १ वजा आर वर्ग, भागिले १ वजा २ आर कॉस क्यू अधिक आर वर्ग. इथे क्यू म्हणजे २के, आर म्हणजे ०.९. किंमत घातली की ०.०७० येतं. म्हणजे लोकलायझेशन लांबी २८८ वरून एकदम ४१०० च्या आसपास. आणि साखळी? १०००. म्हणजे तुमची स्टेट पूर्णपणे लोकलाइज्ड आहे, फक्त तिला आपली शेपटी दाखवायला जागाच मिळालेली नाही. तुम्ही खोलीएवढा तुकडा बघून मैदानाचा आकार ठरवताय.

आता "कोरिलेशन नेहमी मदतच करतं का" याचं उत्तर. नाही. मोजणी सोपी व्हावी म्हणून आर ०.५ घ्या. बँडच्या मध्यावर क्यू बरोबर पाय, स्पेक्ट्रम येतो एक तृतीयांश, म्हणजे लांबी तिप्पट. एनर्जी १ ला स्पेक्ट्रम ०.४३, लांबी सव्वादोन पटीपेक्षा थोडी जास्त. एनर्जी १.७३ ला (म्हणजे वर्गमूळ ३ ला) क्यू येतो पाय भागिले ३, स्पेक्ट्रम बरोबर १, म्हणजे तुम्ही कोरिलेशन घातलं काय नि न घातलं काय, काही फरक नाही. आणि त्याच्याही पुढे बँडच्या कडेकडे जाताना स्पेक्ट्रम १ च्या वर जातो, तिथे तेच कोरिलेशन इलेक्ट्रॉनला जास्त घट्ट अडकवतं. आता आर उणे ०.५ करून बघा, म्हणजे शेजारी एकमेकांच्या उलट वागणारे, की सगळं पालटतं, मध्यावर लांबी एक तृतीयांश होते. कारण सरळ आहे, व्हेरियन्स तेवढाच ठेवलाय म्हणजे स्पेक्ट्रमचं एकूण क्षेत्रफळ तेवढंच, एका जागचा भाग काढला की तो दुसरीकडे जाऊन साठणारच. त्यामुळे कोणी मला "कोरिलेशनने लोकलायझेशन कमी झालं" असं सांगितलं की मी पहिलं विचारतो, कुठल्या एनर्जीला?

इथेच एक चूक सांगून ठेवतो, कारण ती मी स्वतः केलीये आणि तिच्यात माझे तीन आठवडे गेलेत. कोरिलेशन आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रँडम आकड्यांची सरकती सरासरी घ्यायची, समजा १० साइट्सची. पण सरासरी घेतली की व्हेरियन्ससुद्धा दहावा हिस्सा होतो, आणि लांबी दहापट वाढलेली दिसते ती निव्वळ डिसऑर्डर कमी झाला म्हणून, कोरिलेशनचा त्यात काही संबंध नाही. सरासरीनंतर व्हेरियन्स परत मूळ किमतीवर आणायलाच हवा. शिवाय या सरासरीच्या स्पेक्ट्रमला ठरावीक ठिकाणी शून्यं असतात, तिथे लांबी एकदम उसळलेली दिसते आणि आपल्याला काहीतरी मोठं सापडलं असं वाटायला लागतं.

आता खरी मजेची केस, रँडम डायमर. डनलॅप, वू आणि फिलिप्स यांचा १९९० चा पेपर. साखळीत ए आणि बी अशा दोन जातीच्या साइट्स, क्रम रँडम, अट एवढीच की बी कायम जोडीने येणार. हे हाताने करून बघण्यासारखं आहे म्हणून करूनच दाखवतो. एका साइटची ट्रान्सफर मॅट्रिक्स लिहा: वरची ओळ (एनर्जी वजा साइट एनर्जी, उणे १), खालची ओळ (१, ०). एनर्जी बरोबर बी च्या साइट एनर्जीएवढी ठेवली की पहिला आकडा शून्य होतो, आणि उरते वरची ओळ (०, उणे १), खालची ओळ (१, ०). ही मॅट्रिक्स तिच्याच मॅट्रिक्सने गुणा, कारण बी जोडीने येतात. काय येतं? उणे आयडेंटिटी! म्हणजे त्या एनर्जीच्या वेव्हला बी ची जोडी फक्त चिन्ह बदलून पुढे सोडते, परावर्तन अजिबात नाही. पहिल्या बी वरून जेवढं मागे फेकलं जातं तेवढंच दुसरा बी उलट फेजने मागे फेकतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. जोड्या कितीही असू देत, कुठेही असू देत, वेव्हला त्यांचा पत्ताच लागत नाही. अट एकच, ती एनर्जी ए च्या बँडमध्ये पडली पाहिजे, म्हणजे दोन्ही साइट एनर्जीतला फरक हॉपिंगच्या दुपटीपेक्षा कमी हवा. मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा इतक्या कमी ओळींत एवढी मोठी गोष्ट निघते यावर विश्वासच बसला नव्हता, आजही शिकवताना ही पायरी आली की मला तेवढाच आनंद होतो.

पण याचा अर्थ साखळी मेटल झाली असा घेऊ नका. तो रेझोनन्स एकाच एनर्जीला आहे. त्या एनर्जीपासून जरा सरकलात की ल्यापुनोव्ह एक्स्पोनंट सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे लांबी त्या वर्गाच्या व्यस्तात. साखळीत एन साइट्स असतील तर ज्या स्टेट्सची लांबी एन पेक्षा मोठी त्यांची एनर्जी-खिडकी एक भागिले वर्गमूळ एन इतकी रुंद, आणि त्यात मावणाऱ्या स्टेट्स वर्गमूळ एन इतक्या. १०,००० साइट्समध्ये शंभराच्या घरात. आकडा वाढत जातो पण एकूण स्टेट्सच्या मानाने हिस्सा शून्याकडे जातो. तरी एवढ्याशा स्टेट्स खूप काही करून जातात, एका साइटवर ठेवलेला इलेक्ट्रॉन पसरताना त्याच्या अंतराच्या वर्गाची सरासरी वेळेच्या दीड घाताने वाढते, साध्या डिफ्यूजनपेक्षा जलद. हे नुसतं कागदावरचं नाही, १९९९ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या सुपरलॅटिसमध्ये (एकावर एक पातळ थरांच्या रचनेत) विहिरींच्या (इलेक्ट्रॉनला धरून ठेवणाऱ्या थरांच्या) रुंदीत अशा जोड्या मुद्दाम घालून बेलानी आणि सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं.

इथपर्यंत एकदा गोळा करू: छोट्या पल्ल्याचं कोरिलेशन लांबी वाढवतं किंवा कमी करतं पण अनंत करत नाही, आणि डायमरसारखी खास रचना सुट्या एनर्जींना मोकळीक देते पण पट्टाच्या पट्टा मोकळा करत नाही. मग मोबिलिटी एज, म्हणजे अशी एनर्जी की जिच्या एका बाजूला सगळ्या स्टेट्स पसरलेल्या आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या अडकलेल्या, ते एका मितीत शक्य आहे का? इथे दोन वेगवेगळे दावे आहेत आणि लोक ते सर्रास एकत्र करतात.

पहिला दावा डी मोउरा आणि लायरा यांचा, १९९८. त्यांनी पॉवर स्पेक्ट्रम वेव्ह नंबरच्या उणे अल्फा घातासारखा पडणारा घेतला आणि अल्फा २ च्या वर गेला की बँडच्या मध्यात पसरलेल्या स्टेट्सचा पट्टा मिळतो असं दाखवलं. त्यावर लवकरच आक्षेप आला, आणि तो समजून घेणं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे कारण तुम्ही पुढे हे करणारच. त्यात साखळी कितीही लांब केली तरी व्हेरियन्स १ ठेवला जातो. अल्फा ३ असेल तर सगळ्यात लांब लहर, म्हणजे अख्ख्या साखळीत एकच फेरा घेणारी, तीच एकूण व्हेरियन्सचा सरासरी ८३ टक्के भाग खाऊन टाकते. म्हणजे साखळी दुप्पट केली की पोटेन्शिअलही ताणून दुप्पट गुळगुळीत होतं. आता हिशोब करा: एखाद्या ठरलेल्या २के ची लहर म्हणजे साखळीत एन च्या प्रमाणात फेरे घेणारी लहर, तिची ताकद एन च्या उणे अल्फा घाताएवढी, अशा लहरींची दाटी एन च्या प्रमाणात, म्हणून २के चा स्पेक्ट्रम एन च्या (१ वजा अल्फा) घातासारखा. लोकलायझेशन लांबी त्याच्या उलट, एन च्या (अल्फा वजा १) घातासारखी. तिला एन ने भागा, एन चा (अल्फा वजा २) घात येतो. अल्फा २ च्या वर असेल तर लांबी साखळीपेक्षा वेगाने वाढते, आणि तो प्रसिद्ध २ इथूनच येतो! डोंगर-दऱ्या एवढ्या सपाट झालेल्या असतात की इलेक्ट्रॉन प्रत्येक ठिकाणी तिथल्या बँडमधून आरामात सरकत जातो, आणि ज्या एनर्जी कुठेतरी त्या स्थानिक बँडच्या बाहेर पडतात त्या अडतात. हा परिणाम खोटा नाही, पण मी त्याला डिसऑर्डरवरची मात म्हणणार नाही, कारण साखळी वाढवली की तुमचा पदार्थच बदलतोय. दुसरे लोक याला वेगळं मॉडेल म्हणून स्वीकारतात, तेही चालेल, फक्त पेपरमध्ये नॉर्मलायझेशन कसं केलंय ते पहिल्या पानावर लिहा.

दुसरा दावा इझ्रायलेव्ह-क्रोखिन यांचा, आणि तो मला जास्त पटतो. पॉवर स्पेक्ट्रम वेव्ह नंबरच्या एका आख्ख्या पट्ट्यात शून्य ठेवायचा, साखळीच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. मग त्या पट्ट्यातल्या सगळ्या एनर्जींना दुसऱ्या ऑर्डरचं (डिसऑर्डरच्या ताकदीच्या वर्गाएवढं, म्हणजे वरच्या सूत्रातलं) बॅकस्कॅटरिंग नाही. यासाठी कोरिलेशन लांब पल्ल्याचं, वर-खाली होत हळूहळू विरणारं लागतं. २००० मध्ये कूल, स्टॉकमन आणि या दोघांनी मायक्रोवेव्ह वेव्हगाइडमध्ये १०० स्क्रू हिशोबाने कमीजास्त आत घालून ते प्रत्यक्ष मोजलं, ट्रान्समिशन (वेव्हचा किती भाग पार जातो ते) जिथे पडायला हवं तिथे पडलं आणि जिथे उघडं राहायला हवं तिथे उघडं राहिलं. वेव्ह मायक्रोवेव्हची असो की इलेक्ट्रॉनची, समीकरण तेच.

मग पुस्तकातल्या प्रमेयाचं काय झालं? इथे एक फार देखणी गोष्ट आहे जी बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत. कोतानीचं प्रमेय सांगतं की स्टेशनरी (सगळीकडे सारखेच सांख्यिकी गुण असलेलं) पोटेन्शिअल जर "नॉन-डिटरमिनिस्टिक" असेल, म्हणजे आत्तापर्यंतच्या सगळ्या साइट्स माहीत असूनही पुढची नक्की सांगता येत नसेल, तर जवळजवळ प्रत्येक एनर्जीला लांबी मर्यादित असते. आणि कोल्मोगोरोव्ह आणि सेगो यांच्या जुन्या निकालाप्रमाणे पॉवर स्पेक्ट्रम एखाद्या आख्ख्या पट्ट्यात शून्य असला की मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा तत्त्वतः पूर्णपणे सांगता येतो. म्हणजे तुम्ही पट्टा शून्य केलात त्याच क्षणी तुमची साखळी दिसायला रँडम असूनही प्रमेयाच्या अर्थाने रँडम राहिलीच नाही. कुठेही विरोध नाही. उलट डायमरमध्ये पुढची जोडी कुठली ते सांगता येत नाही, म्हणून तिथे सुट्या एनर्जींच्या पलीकडे काही मिळूच शकत नाही. तुमच्या ०.९ वाल्या साखळीतही प्रत्येक पायरीला नवा रँडम आकडा येतोच, म्हणून ती लोकलाइज होणारच.

तरी दुसऱ्या ऑर्डरला शून्य म्हणजे कायमचं शून्य असं नाही. पुढच्या ऑर्डरला इलेक्ट्रॉन दोन टप्प्यांत मागे वळू शकतो. २००८ मध्ये बिली आणि सहकाऱ्यांनी लेझर स्पेकलमध्ये (लेझरच्या रँडम ठिपक्यांच्या प्रकाशात) रुबिडियमचे थंड अणू लोकलाइज होताना दाखवले, त्या स्पेकलच्या स्पेक्ट्रमला असाच कट असतो आणि त्याच्या पलीकडे लांबी अनंत होत नाही, खूप मोठी होते एवढंच. म्हणून तिथे "इफेक्टिव्ह" मोबिलिटी एज म्हणतात, आणि तो शब्द गाळू नये. ऑब्री-आंद्रे मॉडेल याच्यात मिसळू नका, तिथे पोटेन्शिअल सरळ कॉसाइन आहे आणि सगळ्या स्टेट्स एकदमच पलटतात, ती वेगळी गोष्ट आहे.

खऱ्या तारेत मात्र आणखी बरंच काही परिस्थितीवर अवलंबून राहतं. तापमान वाढलं की इलेक्ट्रॉनची फेज काही अंतरावर हरवते, आणि ते अंतर ४१०० साइट्सपेक्षा कमी असेल तर तुमची साखळी लोकलाइज्ड आहे की नाही हा प्रश्न मोजमापात येतच नाही. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन परस्परक्रिया धरल्या तर वरचं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. हे सगळं एका इलेक्ट्रॉनचं चित्र आहे.

तुम्ही आता एवढं करा. सिक्वेन्स असा बनवा: पुढची किंमत बरोबर ०.९ गुणिले मागची, अधिक ०.४३६ गुणिले नवा गाउसियन आकडा, आणि शेवटी व्हेरियन्स ०.०२०८ ला आणा, पण प्रत्येक सॅम्पलचा वेगळा नको, एकदाच सूत्राने. डायगोनलायझेशन सोडा, ट्रान्सफर मॅट्रिक्स वापरा आणि दर दहा-वीस साइट्सना व्हेक्टर नॉर्मलाइज करून त्याचा लॉग साठवत जा, नाहीतर आकडे ओव्हरफ्लो होतील. एनर्जी १ ठेवा, साखळी ४०,००० पर्यंत न्या. ट्रान्समिशनची सरासरी काढू नका, त्याच्या नॅचरल लॉगची काढा, कारण ट्रान्समिशनची सरासरी दोन-चार नशीबवान सॅम्पल्सच ठरवतात. लॉग साधारण उणे १९ ते २० च्या आसपास यायला हवा, आणि प्रत्येक सॅम्पलमध्ये सहाएकची चढउतार असणारच, म्हणून ५०० सॅम्पल्स घ्या. साखळीची लांबी विरुद्ध लॉग असा ग्राफ काढा. १००० पाशी तो जेमतेम उणे अर्धा असेल, म्हणजे ६० टक्के ट्रान्समिशन, तुम्हाला जे दिसलं होतं तेच. तीच रेघ न वळता ४०,००० पर्यंत सरळ खाली गेली तर समजा कोड बरोबर आहे. मधेच सपाट झाली तर आधी रँडम आकडे परत परत तेच येतायत का ते तपासा आणि ग्राफ इथे टाका, मी बघतो.